शटर खाली ओढल्यानंतरची पाच मिनिटे

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणी जिल्ह्यात सेलूजवळच्या एका मोठ्या गावात कृषी सेवा केंद्र चालवणारे, छत्तिशीतले एक गृहस्थ लिहितात की, सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंतचा दिवस कामातच जातो, तरी अंथरुणावर पडल्यावर आज नेमके काय झाले ते सांगता येत नाही. घरी चिडचिड वाढली आहे आणि मुले जवळ यायला बिचकतात. पहाटे पाचला उठणे, ध्यान करणे, दैनंदिनी लिहिणे आणि मोबाईल बाजूला ठेवणे असा संकल्प त्यांनी दोन वर्षांत तीन वेळा केला आणि तिन्ही वेळा तो पंधरा दिवसांच्या आत मोडला. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. वडील अजूनही अधूनमधून गल्ल्यावर बसतात. शेवटी त्यांनी विचारले आहे की, शिस्त आपल्यातच नाही की पद्धत चुकते आहे, आणि सवयींची नोंद ठेवायला कोणते ॲप घ्यावे.

मी लातुरात बावीस वर्षे समुपदेशनाचे काम करतो आहे. आपल्या पत्रातील शिस्तीचा मुद्दा आधी निकाली काढतो, कारण तोच आपल्याला सर्वांत जास्त खात असावा असे पत्राच्या सुरावरून वाटते. जो माणूस मे महिन्याच्या उन्हातही ठरल्या वेळी दुकान उघडतो, उधारीची वही अद्ययावत ठेवतो, खताच्या प्रत्येक गोणीची पॉस मशीनवर नोंद करतो आणि रोजमेळ, म्हणजे दिवसाचा जमाखर्च, लिहिल्याशिवाय दुकान बंद करीत नाही, त्याच्याकडे शिस्त कमी आहे असे मी म्हणणार नाही. दोष संकल्पाच्या बांधणीत आहे. आपण चार सवयी एकाच दिवशी सुरू केल्यात, त्यांपैकी प्रत्येक बरीच मोठी होती, आणि चारही घड्याळाच्या काट्याला बांधल्या होत्या. या तीन चुकांपैकी तिसरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि आपल्या भागात राहणाऱ्याने तर ती नीट समजून घेतली पाहिजे.

मराठवाड्यात घड्याळ बहुतेकांच्या ताब्यात नसते. कित्येक गावांत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते आणि ते कधी येईल याचा नेम नसतो. शेतीपंपाची वीज बऱ्याच ठिकाणी एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्या आठवड्यात रात्री मिळते, त्यामुळे आपल्या ग्राहकांचे जागणे-झोपणे त्या पाळीप्रमाणे बदलते आणि त्यांच्याबरोबर आपले फोनही. अशा ठिकाणी ‘पहाटे पाच’ किंवा ‘रात्री दहा’ या खुंटीला सवय टांगली, तर ती खुंटीच दर आठवड्याला हलते.

ही गोष्ट मला पुस्तकातून कळलेली नाही. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली होती आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या काळात मी माझ्याकडे येणाऱ्या मंडळींना मोठ्या उत्साहाने वेळापत्रके लिहून देत असे : सकाळी साडेसहाला चालणे, सातला श्वासाचा अभ्यास, रात्री दहाला अंथरूण. एका ताईंनी माझा कागद शांतपणे घडी घालून टेबलावर परत ठेवला आणि विचारले, “सर, टँकर आल्यावर घागर भरू का हे बघू?” मला उत्तर देता आले नाही. पुढे बोलता बोलता त्यांनीच सांगितले की, शेवटची घागर घरात ठेवली की त्या उंबऱ्यावर बसून तांब्याभर पाणी सावकाश पितात आणि तोवर कोणाच्याही हाकेला ओ देत नाहीत. टँकर पहाटे चारला येवो की दुपारी दोनला, ही त्यांची सवय अख्ख्या उन्हाळ्यात मोडली नव्हती, कारण ती वेळेला नव्हे, शेवटच्या घागरीला बांधलेली होती. त्या दिवसापासून मी वेळापत्रके लिहून देणे बंद केले.

संशोधनही याच दिशेने बोट दाखवते. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ अशा जर-तरच्या ठरावांचा दीर्घकाळ अभ्यास केला. २००६ मध्ये त्यांनी पास्कल शीरन यांच्यासह ९४ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा नुसता ‘मी हे करणार’ असा निश्चय करणाऱ्यांपेक्षा प्रसंग नेमून ठरवणारे लोक आपले काम बरेच अधिक वेळा पार पाडतात असे दिसले. कारण साधे आहे. प्रसंग समोर आला की आठवण तो प्रसंगच करून देतो आणि मनाला दरवेळी नव्याने निर्णय घ्यावा लागत नाही. दिवसभर भाव, मात्रा, उधारी देऊ की नको, असे शेकडो निर्णय घेणाऱ्या दुकानदाराच्या मनावर रात्री आणखी एका निर्णयाचा भार न पडणे ही लहान गोष्ट नव्हे.

आता मूळ उपायाकडे येतो. मला आपल्याकडून सुरुवातीला एकच सवय हवी आहे. रोजमेळ लिहून झाला आणि शटर खाली ओढले की, कुलूप लावण्यापूर्वी दुकानाच्या पायरीवर बसून एका साध्या वहीत उद्याची कामे लिहावीत. पाच मिनिटे पुरतात. रोजमेळ आपण वर्षानुवर्षे न चुकता लिहीत आला आहात, म्हणजे खुंटी आयती आणि पक्की आहे; तिच्यावर फक्त एक पान टांगायचे आहे.

या पानावर काय लिहायचे हे मात्र काळजीपूर्वक पाहावे. बहुतेक जण ‘वसुली’, ‘स्टॉक’, ‘बँक’ असे शब्द लिहून मोकळे होतात आणि मग ते शब्द रात्रभर डोक्यात फिरत राहतात, कारण त्यांतून काय करायचे ते ठरलेलेच नसते. ‘वसुली’ऐवजी ‘उद्या अकरा वाजेपर्यंत मळ्याच्या वाटेवरच्या दोन घरी फोन करून दिवाळीची बाकी विचारणे’ असे लिहिले की मन ते काम मार्गी लागले असे समजते आणि त्याचा पिच्छा सोडते. मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या संशोधकांनी २०११ मध्ये हेच दाखवले होते. अपुरे राहिलेले काम मनात घुसत राहते, पण ते कधी आणि कसे करायचे याची नेमकी आखणी केली की, काम अजून झालेले नसतानाही ते घुसणे बरेच थांबते. अमेरिकेतील बेलर विद्यापीठातील मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ५७ तरुण निरोगी व्यक्तींना झोपण्यापूर्वी पाच मिनिटे लिहायला सांगितले होते. निम्म्यांनी पुढच्या दिवसांतील कामे लिहिली, निम्म्यांनी झालेली कामे लिहिली. उद्याची कामे लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर, असेही आढळले. आपली तक्रार ‘दिवस कुठे गेला कळत नाही’ अशी असल्यामुळे यादीखाली आज पुरे झालेले एक काम लिहिण्याचीही मी शिफारस करीन. ती माझ्या अनुभवातील भर आहे, त्या प्रयोगातील नव्हे.

ही यादी सात कामांच्या पुढे गेली तर समजावे की आपण उद्याचा दिवस नव्हे, अख्खा आठवडा आखत आहात. जे उद्या होणार नाही ते मागच्या पानावर न्यावे.

दुसरी सवय पहिली बसल्यानंतरच, म्हणजे निदान सहा आठवड्यांनी घ्यावी. ती मोबाईलबद्दल आहे आणि येथे आपल्या धंद्याची अडचण खरी आहे. शेतकरी संध्याकाळी रानातून परततो, जेवतो, आणि नऊ-साडेनऊला पानावरच्या डागांचे फोटो पाठवून ‘दादा काय फवारू’ असे विचारतो. त्याच्या दृष्टीने ती वेळ रास्त आहे. आपण त्याच वेळी मुलांशेजारी बसून उत्तर टाइप करीत असता आणि तिकडे मूल तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारते. त्या वेळची आपली चिडचिड मुलावरची नसून एकाच वेळी दोन ठिकाणी असण्याची आहे. शिवाय मी एक व्यावसायिक धोकाही सांगतो : पेंगुळलेल्या डोळ्यांनी, अंधुक फोटो पाहून दिलेली मात्रा चुकली तर नुकसान शेतकऱ्याचे होते आणि नाव आपले जाते.

आपल्या घरात बाहेरून आल्यावर हातपाय धुण्याची रीत असेलच. तीच खुंटी घ्यावी. चप्पल काढली की फोन कोनाड्यात किंवा चार्जरवर, मग हातपाय धुणे, मग घरात पाऊल; जेवण होईपर्यंत फोन तेथून हलवायचा नाही. पाण्याची टंचाई असेल त्या दिवशी ओला हात तोंडावरून फिरवला तरी खुंटी टिकते. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये अनुपस्थितीच्या वेळी आपोआप जाणारा संदेश ठेवता येतो. त्यात ‘रात्री आठनंतर आलेल्या फोटोंना सकाळी दुकान उघडल्यावर उत्तर मिळेल, फवारणीतून विषबाधा झाल्याची शंका असेल तर वाट न पाहता दवाखाना गाठावा आणि मला थेट फोन करावा’ असे लिहून ठेवावे. हा अपवाद जरूर ठेवावा, आणि फोनची रिंगही चालू ठेवावी. संदेश थांबू शकतात. विषबाधा झालेल्या माणसाच्या घरचा फोन थांबवून चालणार नाही. पिकाचा सल्ला रात्रीऐवजी सकाळी मिळाल्याने आपले किती ग्राहक तुटतात, ते एक महिना पाहावे. माझ्याकडे येणाऱ्या व्यापारी मंडळींपैकी ज्यांनी हे केले, त्यांना पहिल्या आठवड्यात टोमणे ऐकावे लागले. नंतर लोकच एकमेकांना ‘सकाळी विचार’ असे सांगू लागले.

पहाटे पाचला उठण्याबद्दल मी फारसे लिहिणार नाही. प्रौढ माणसाला साधारण सात तास झोप लागते. आपण साडेअकरा-बाराला झोपत असाल तर पाचला उठणे म्हणजे शरीराकडून उधारी घेणे आहे, आणि ती वसूल कोठे होते हे आपण पत्रात ‘घरी चिडचिड’ या शब्दांत स्वतःच लिहिले आहे. लवकर उठायचेच असेल तर सुरुवात रात्रीकडून करावी. उन्हाळ्यात गच्चीवर झोपूनही झोप तुकड्यातुकड्यांनी होत असेल, तर दुपारच्या जेवणानंतर वीस मिनिटांची डुलकी घेण्यात काहीही कमीपणा नाही. त्या वेळी वडील गल्ल्यावर बसू शकतात.

चहाचे मात्र पाहावे लागेल. आपल्याकडे आलेल्या माणसाला चहा विचारायचा आणि त्याच्यासोबत आपणही घ्यायचा, अशा रीतीने दुकानदाराचे दिवसाला सात-आठ चहा सहज होतात. चहातील कॅफिन शरीरातून निम्मे बाहेर पडायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाच्या चहाचा अंश रात्री अकराला शरीरात शिल्लक असतो. चहा नाकारणे म्हणजे आपल्या भागात माणूस नाकारणे होते, हे मला ठाऊक आहे. म्हणून दुपारचा चारचा चहा हा आपला शेवटचा मानावा, त्यापुढे ग्राहकाला सांगावा आणि स्वतः पाणी घेऊन सोबत बसावे. ‘डॉक्टरनं सांगितलंय’ एवढे वाक्य गावात पुरते. मी डॉक्टर नाही, पण या कारणासाठी माझे नाव घ्यायला माझी हरकत नाही.

ध्यान बसत नाही म्हणून आपण खंत व्यक्त केली आहे. अर्धा तास मांडी घालून बसणे सध्या सोडून द्यावे. सकाळी कुलपाला किल्ली लावली की ती फिरवण्यापूर्वी सहा श्वास सावकाश घ्यावेत आणि सोडताना घेण्यापेक्षा अधिक वेळ घ्यावा; मिनिटाला सुमारे सहा श्वासांच्या लयीत नाडीची गती शांत होते हे चांगले अभ्यासले गेले आहे. एवढ्यावर काम भागते. जमले तर जेवणानंतर शेजारच्या गल्लीतून दहा मिनिटे फिरून यावे, त्याने रक्तातील साखरही कमी उसळते.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण पत्र वाचताना ती मला खटकत राहिली. आपल्या पहाटेच्या ध्यानाच्या योजनेत नळाला पाणी आले तर कोण भरणार, मुलांचे डबे कोण करणार आणि आईच्या गोळ्या कोण देणार याचा कोठेही उल्लेख नाही. ही कामे आपल्या पत्नी शाळेत वेळेवर पोहोचण्यापूर्वी करीत असणार. एकाची शांत सकाळ दुसऱ्याच्या धावपळीवर उभी असेल तर त्या घरात शांतता टिकत नाही, आणि तिन्ही वेळा संकल्प मोडण्यामागे हेही एक कारण असेल असा माझा तर्क आहे. म्हणून कोणतीही सवय सुरू करण्यापूर्वी तिच्या बदल्यात घरातले एक ठरलेले काम आपल्याकडे घ्यावे. डब्यांचे, पाण्याचे किंवा गोळ्यांचे. सल्ल्याच्या मोबदल्यात मी अट घालतो आहे असे वाटल्यास वाटू द्यावे.

किती दिवसांत सवय बसेल, हा पुढचा प्रश्न येईलच. एकवीस दिवसांचा आकडा सर्वत्र ऐकू येतो. त्याचे मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० च्या लेखनात आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान एकवीस दिवस लागतात, असे निरीक्षण त्यांनी नोंदवले होते. त्याचा दैनंदिन सवयींशी काही संबंध नव्हता, आणि ‘निदान’ हा शब्द तर वाटेतच गळून पडला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक साधी सवय, न्याहारीनंतर किंवा तत्सम ठरावीक प्रसंगाला बांधून, बारा आठवडे करायला लावली. सवय अंगवळणी पडायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले, परंतु काहींना १८ दिवस पुरले तर काहींच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. पेलाभर पाणी पिण्यासारख्या सोप्या सवयी लवकर बसल्या आणि व्यायामाच्या उशिरा. आपल्यासाठी यातली सर्वांत उपयोगी नोंद अशी की, एखादा दिवस चुकला म्हणून सवय बसण्याच्या प्रक्रियेला म्हणण्यासारखा धक्का बसला नाही. आपले तिन्ही संकल्प पहिल्या चुकलेल्या दिवशी नव्हे, तर ‘आता मोडलेच’ असे म्हणून सोडलेल्या दुसऱ्या दिवशी संपले असावेत.

आपल्या धंद्याचे वर्ष पाहता पाडव्याच्या आसपास सुरुवात करणे सोयीचे आहे. तेव्हा दुकानात वर्दळ कमी असते आणि ६६ दिवस मोजले तर आपण मृगाच्या तोंडाशी येता. जून-जुलैमध्ये, बियाणे आणि डीएपी खतासाठी सकाळी सहापासून रांगा लागलेल्या असताना, नवी सवय सुरू करू नये. जुनी मात्र सोडूही नये. तिचे खरिपाचे रूप आधीच ठरवून ठेवावे : पाच मिनिटांच्या यादीऐवजी एकच ओळ, सहा श्वासांऐवजी दोन. सर्वांत वाईट दिवशीही जेवढे होऊ शकेल तेवढेच सवयीचे खरे माप समजावे. यंदा पाऊस लांबला किंवा सोयाबीनचे भाव पडले आणि उधारी अडकली, तर ती एक ओळ लिहिणेही जड जाईल. तशा रात्री ‘आज काही सुचत नाही’ असे लिहिले तरी ओळ पुरी झाली असे धरावे.

येथे एक मर्यादा स्पष्ट करतो. उदासपणा, कशातही गोडी न वाटणे, झोप किंवा भूक उडणे, स्वतःला निरुपयोगी समजणे अशी लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज राहत असतील, तर तो सवयींचा प्रश्न राहत नाही आणि त्यावर वही हा उपाय नव्हे. मनात मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबण्याचीही गरज नाही. ‘टेलीमानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक आपल्या काउंटरच्या काचेखाली लावून ठेवावा अशीही माझी विनंती आहे. आपल्या भागात कर्जाने खचलेला माणूस मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याआधी कृषी सेवा केंद्राच्या बाकावर बसलेला असतो, आणि त्याच्याशी बोलण्याची संधी आपल्याला माझ्यापेक्षा आधी मिळते. आपला थकवा बरेच महिने तसाच असेल तर रक्तदाब, साखर आणि थायरॉईड यांची तपासणीही एकदा करून घ्यावी.

राहिला ॲपचा प्रश्न. ॲप उघडायला फोन हातात घ्यावा लागतो, आणि फोन हातात आला की चार संदेश दिसतात. म्हणून मी ते सुचवत नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर जे कॅलेंडर आहे, ज्याच्या चौकटीत दुधाचे लिटर आणि गॅस सिलिंडरची तारीख लिहिली जाते, तेच वापरावे. शटरची पाच मिनिटे झाली त्या दिवशी दुधाच्या आकड्याशेजारी पेनाने एक टिंब द्यावे. चुकलेला चौकोन रिकामा राहू द्यावा आणि दुसऱ्या दिवशी आठवण झाली म्हणून मागाहून भरू नये.